न मोजता येणाऱ्या जिवाची मोजणी : बुरशीच्या वाढीचा हिशेब शास्त्रज्ञांनी कसा मांडला

१/
पावसाळ्यात लोणच्याला बुरा आला, की घरातील जाणती माणसे वरचा थर अलगद काढून टाकतात. बुरा किती आला होता, असे विचारले तर 'थोडा' किंवा 'फार' एवढेच उत्तर मिळते. स्वयंपाकघराचे तेवढ्यावर भागते. प्रयोगशाळेला मात्र आकडा हवा असतो. बुरशीच्या वाढीचा विश्वासार्ह आकडा मिळवण्यासाठी विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे खपावे लागले. या काळात वजनकाटा, काचेची नळी, घनमूळ आणि छायाचित्र अशी चार निरनिराळी साधने पुढे आली. प्रत्येक साधनाने काहीतरी नवे दाखवले आणि काहीतरी झाकूनही ठेवले.

२/
अडचण कुठे होती, हे कळण्यासाठी बुरशीची शरीररचना पाहावी लागते. बुरशी म्हणजे अत्यंत बारीक नळ्यांचे जाळे. एका नळीला तंतू म्हणतात आणि संपूर्ण जाळ्याला कवकजाल. तंतूची जाडी सहसा काही मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी कमी असते. तंतू लांबतो तो केवळ टोकाशी. मागचा भाग जागच्या जागी राहतो, त्याला मधूनमधून फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याला स्वतःचे वाढते टोक असते. मातीतील स्ट्रेप्टोमायसीससारखे काही जिवाणूही असेच तंतू पसरून वाढतात. या सर्वांना मिळून तंतुमय सूक्ष्मजीव म्हणतात.

३/
शेताच्या बांधावरील हरळीची रोपे किती, हा प्रश्न जसा निरर्थक आहे, तसाच कवकजालातील 'जीव' किती हाही. सारे एकमेकांना जोडलेले असते. तोडले तर तुकड्यातूनही नवे जाळे उभे राहते. जिथे 'एक' म्हणजे काय हेच ठरत नाही, तिथे 'दोन' कसे मोजायचे? वाढीचे मोजमाप करण्याआधी कशाला वाढ म्हणायचे, हे ठरवणे भाग होते.

४/
एकपेशीय जिवाणूंच्या बाबतीत हा पेच नव्हता. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू दहा तासांत तीस वेळा दुणावतो आणि, अन्न व जागा पुरली तर, एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली घट्ट पोषकमाध्यमावर जिवाणूंच्या वेगवेगळ्या वसाहती वाढवण्याची रीत मांडली आणि मोजणी सुकर झाली. पुढे जाक मोनो यांनी १९४२ च्या प्रबंधात द्रावणाच्या गढूळपणावरून वाढीचे काटेकोर नियम दाखवले.

५/
या दोन्ही रीती बुरशीपुढे लटक्या पडल्या. वसाहती मोजाव्यात, तर एक वसाहत एका बीजाणूपासून झाली की तुटलेल्या तंतूपासून, हे सांगता येत नाही. गढूळपणा मोजावा, तर बुरशी द्रवात सारखी मिसळत नाही. तिचे कधी पुंजके होतात, कधी गोळ्या, कधी वर साय धरते. प्रकाशाचा किरण गाठीत अडकला तर आकडा एक येतो, गाठ बाजूला सरकली तर दुसराच. बुरशीसाठी निराळा मार्ग शोधणे आवश्यक होते.

६/
पहिला मार्ग वजनाचा. तो सर्वांत काटेकोरपणे चालून दाखवला फ्रान्समधील ज्यूल रोलँ यांनी. ते लुई पाश्चर यांचे शिष्य. ॲस्परजिलस नायजर ही कांदा-लसणावर दिसणारी काळी बुरशी त्यांनी प्रयोगासाठी निवडली. उथळ बशीत पोषकद्रावण घ्यायचे, त्यावर बीजाणू पेरायचे, सुमारे ३५ अंश सेल्सियसला ठेवायचे आणि काही दिवसांनी वर आलेली साय काढून, वाळवून तिचे वजन करायचे. हे त्यांनी वर्षानुवर्षे, एकेक घटक बदलत, पुन्हा पुन्हा केले. निष्कर्ष १८६९ साली प्रसिद्ध झाले.

७/
'रोलँचे द्रावण' म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या मिश्रणात १,५०० ग्रॅम पाणी आणि ७० ग्रॅम खडीसाखर होती. त्याखेरीज टार्टारिक आम्ल, अमोनियम नायट्रेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम व लोह यांचे क्षार. यादीच्या शेवटाशी होते झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचा एक क्षार, केवळ ०.०७ ग्रॅम. एवढ्या द्रावणातून सुमारे २५ ग्रॅम कोरडी बुरशी मिळे. एक घटक वगळायचा, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि पीक किती घटते ते पाहायचे, असा प्रयोगाचा साधा नियम होता.

८/
जस्त वगळल्यावर पीक जवळजवळ दशांशावर आले. चिमटीतही न येणाऱ्या क्षाराने त्याच्या वजनाच्या तीनशे पटींहून अधिक बुरशीचा फरक पडत होता. उलट दिशेनेही काटा तितकाच हळवा निघाला. द्रावणात सोळा लाखांत एक भाग सिल्व्हर नायट्रेट मिसळले तरी वाढ थांबे. चांदीच्या भांड्यात तर ती सुरूही होत नसे. त्या काळच्या रासायनिक परीक्षणांना जे सहजी पकडता येत नव्हते, ते बुरशीच्या वजनाने पकडले होते.

९/
तरीही जस्ताचे महत्त्व सर्वांना लगेच पटले नाही. जस्त हे अन्न नसून सौम्य विष आहे आणि त्या डिवचण्याने बुरशी जास्त वाढते, असे मानणारा पक्ष बराच काळ प्रबळ होता. शिवाय बाजारात मिळणाऱ्या इतर क्षारांत, साखरेत, अगदी काचेतही जस्ताचा अंश असे. त्यामुळे जस्त 'वगळल्यावर'ही एखाद्या प्रयोगशाळेत बुरशी जोमाने वाढे आणि रोलँ खोटे ठरल्यासारखे वाटे. अखेर १९४० च्या सुमारास केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन आणि थॅडियस मान यांनी कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, रचनेतच जस्त असल्याचे दाखवले. जस्त हा जीवनाचा घटक आहे, हे तेव्हा निर्विवाद झाले.

१०/
वजनाच्या रीतीत एक मूलभूत उणीव होती. बुरशी तोलायची म्हणजे ती गाळायची, धुवायची आणि वाळवायची, अर्थात मारायची. एका चंबूतून एकच आकडा हाती येतो. सहा वेगवेगळ्या वेळांचे आकडे हवे असतील तर किमान सहा चंबू हवेत, आणि ते सहाही सारखेच वाढले असे गृहीत धरावे लागते. एकाच जिवाची वाढ तासातासाला पाहायची असेल, तर वजनकाटा निरुपयोगी. त्यासाठी दुसऱ्या मोजमापाची गरज होती. ते मिळाले पाव नासवणाऱ्या एका बुरशीमुळे.

११/
१८४३ साली पॅरिसच्या लष्करी भटारखान्यांतील पावांवर नारिंगी रंगाच्या बुरशीने धुमाकूळ घातला होता. या बुरशीच्या वंशाला १९२७ साली न्यूरोस्पोरा हे नाव मिळाले. ती इतक्या झपाट्याने पसरते, की प्रयोगशाळेत एकदा शिरली तर बाकीची संवर्धने बुडवते. अनेकांना ती नकोशी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी १९४१ साली नेमकी तिलाच हाताशी धरले. साखर, काही क्षार आणि बायोटिन हे एकच जीवनसत्त्व एवढ्यावर ती जगते. बाकीचे सारे स्वतः बनवते.

१२/
त्यांचा तर्क असा होता. प्रत्येक पदार्थ बनवण्यामागे जर एखादे जनुक असेल, तर ते जनुक बिघडवल्यास बुरशी तो पदार्थ बनवू शकणार नाही आणि तो बाहेरून दिला तरच जगेल. त्यांनी क्ष-किरणांचा मारा करून मिळवलेले वाण एकेक करून तपासले. २९९ क्रमांकाच्या वाणाला 'ब६' जीवनसत्त्वाची गरज निघाली. पण 'जीवनसत्त्व दिले की वाढते, नाही दिले की वाढत नाही' एवढे सांगून पुरणार नव्हते. किती दिल्यावर किती वाढते, हे दाखवायचे होते.

१३/
त्यासाठी त्यांनी काचेची आडवी नळी वापरली. आतील व्यास सुमारे १३ मिलिमीटर, लांबी सुमारे ४० सेंटिमीटर. निम्म्या उंचीपर्यंत पोषक आगर भरलेला. एका टोकाला बीजाणू पेरायचे, की कवकजालाची आघाडी दुसऱ्या टोकाकडे निघते. ठरावीक वेळांनी त्या आघाडीपाशी काचेवर खूण करायची आणि खुणांमधील अंतर पट्टीने मोजायचे. बुरशीला धक्का लागत नाही, एकाच संवर्धनातून कित्येक दिवस नोंदी मिळतात. पुढे या नळीला शर्यतीची नळी असे नाव रूढ झाले.

१४/
निरोगी न्यूरोस्पोरा २५ अंशांना ताशी तीन-चार मिलिमीटर पुढे सरकते आणि हा वेग दिवसेंदिवस बदलत नाही. २९९ क्रमांकाच्या वाणाचा वेग मात्र आगरात मिसळलेल्या 'ब६' च्या प्रमाणावर ठरत होता. प्रमाण पुरेसे झाले, की तो निरोगी वाणाच्या जवळपास वेगाने धावे. जनुकाचा बिघाड आता मिलिमीटरमध्ये वाचता येऊ लागला. फ्रान्सिस रायन, बीडल आणि टेटम यांनी १९४३ साली नळीच्या या रीतीचे सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केले.

१५/
याच कामातून 'एक जनुक, एक विकर' हा सिद्धान्त उभा राहिला आणि बीडल व टेटम यांना १९५८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांच्यासोबतचे तिसरे मानकरी होते जोशुआ लेडरबर्ग. पुढील संशोधनाने हा सिद्धान्त बराच सुधारून घेतला, तथापि जनुके विकरांमार्फत काम करतात हे प्रयोगाने दाखवण्याचा पाया इथे रचला गेला. उपयोगाची दिशा उलटवताही येत होती. जीवनसत्त्वाचे प्रमाण ठाऊक नसेल, तर बुरशीची वाढ मोजून ते काढायचे. बुरशीच तराजू झाली.

१६/
नळीने आणखी एक अनपेक्षित देणगी दिली. १९५९ साली कॉलिन पिटेंड्रिघ आणि सहकाऱ्यांनी न्यूरोस्पोराच्या वाढीत दैनंदिन लय असल्याचे जाहीर केले. अखंड अंधारातही काही वाणांत सुमारे २२ तासांच्या अंतराने बीजाणूंचे दाट पट्टे उमटतात. नळीवरील पट्टे म्हणजे त्या जिवाच्या आतील घड्याळाचे ठोके. १९७३ साली जेरी फेल्डमन आणि मेरियन हॉयल यांनी या घड्याळाची गती बदललेले वाण शोधून त्यामागील जनुकाला 'फ्रिक्वेन्सी' असे नाव दिले. वाढीची मोजपट्टी इथे कालगणनेचे साधन बनली.

१७/
दरम्यान युद्धाने निराळाच प्रश्न पुढे आणला. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली पेनिसिलियम बुरशीपासून औषध मिळवू पाहत होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्या पोलीस शिपायाला ते प्रथम उपचार म्हणून दिले गेले, त्याची प्रकृती सुधारू लागली होती. परंतु साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचले गेले, तरीही ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो दगावला. बुरशीकडून अधिक औषध मिळवणे हा आता जीवनमरणाचा प्रश्न होता.

१८/
बुरशी वाढवली की औषध वाढेल, असे सहज वाटते. ऑक्सफर्डचा अनुभव वेगळा होता. बशीत साय पूर्ण धरल्यावर हीटली तिच्याखालचे द्रावण काढून घेत आणि ताजे द्रावण सोडत. तीच साय पुन्हा औषध देई. म्हणजे बुरशीची वाढ आणि औषधाची निर्मिती या दोन वेगळ्या घडामोडी होत्या, आणि सायीचे वजन औषधाविषयी फारसे काही सांगत नव्हते. हीटली यांनी औषधासाठी स्वतंत्र मोजमाप बसवले. जिवाणू पेरलेल्या आगरावर छोट्या नळकांड्या उभ्या करायच्या, त्यांत द्रावण भरायचे आणि भोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ किती रुंद होते ते पाहायचे. 'ऑक्सफर्ड एकक' या मोजणीतून आले.

१९/
जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत पोहोचले. तिथे मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा अर्क पोषकद्रावणात मिसळल्यावर उत्पादन वाढले, आणि बुरशी बशीत तरंगवण्याऐवजी हवा खेळवलेल्या खोल टाक्यांत बुडवून वाढवण्याच्या कामाला गती आली. टाकीने उत्पादन वाढवले. मोजणी मात्र आणखी कठीण केली. साय निदान उचलून तोलता येत होती. टाकीत बुरशी कधी लगद्यासारखी पसरे, कधी तिच्या घट्ट गोळ्या होत.

२०/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध इथे जुळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथील संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. ते १९६१ साली जाहीर झाले. ते देणारा तंतुमय जिवाणू पिंपरीच्याच नावाने ओळखला गेला : स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना. तंतूंनी वाढणाऱ्या जिवाणूने तंतूंनी वाढणाऱ्या बुरशीवर उतारा दिला होता.

२१/
द्रवात बुडवलेली बुरशी कोणत्या नियमाने वाढते? १९५० साली स्टर्लिंग इमर्सन यांनी न्यूरोस्पोराच्या हलत्या द्रवातील संवर्धनांची वेगवेगळ्या वेळी वजने केली. जिवाणूंचा दुपटीचा नियम लागू असता, तर वजनाच्या लॉगॅरिथमचा आलेख सरळ रेषेत यायला हवा होता. तो वाकला. वजनाचे घनमूळ काढल्यावर मात्र आलेख सरळ आला. १९६० साली मार्शल आणि अलेक्झांडर यांनी इतर बुरशींमध्ये व तंतुमय जिवाणूंमध्येही हाच प्रकार आढळल्याचे नोंदवले.

२२/
घनमूळ कुठून आले, याचे उत्तर लाडवाच्या आकारात आहे. गोळ्याची त्रिज्या दर तासाला सारखीच वाढत असेल, म्हणजे १, २, ३ अशी, तर त्याचे आकारमान १, ८, २७ या प्रमाणात वाढते. उलटपक्षी आकारमानाचे घनमूळ काढले, की पुन्हा १, २, ३ मिळते. बुरशीच्या गोळीत नेमके हेच घडते. बाहेरच्या सालीत प्राणवायू आणि अन्न पोहोचते, तेवढीच साल वाढते. आतील गाभा उपाशी राहतो. १९६६ साली जॉन पर्ट यांनी या सालीचे गणित रीतसर मांडले.

२३/
यातून एक गैरसमज पसरण्याची शक्यता होती, की बुरशी मुळातच जिवाणूंहून वेगळ्या, संथ नियमाने वाढते. वस्तुतः १९२४ सालीच जे. एच. स्मिथ यांनी कोवळ्या बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवले होते, की मुख्य तंतू एकसारख्या वेगाने लांबत असला, तरी फाटे धरून होणारी एकूण लांबी दुपटीच्या नियमाने वाढते. १९५९ साली प्लॉम्ली यांनी किटोमियम बुरशीवरून असे सुचवले, की कवकजाल हे सारख्या 'वाढ-एककां'च्या पुनरावृत्तीने बनते. या दोन सूत्रांची गाठ बांधायची राहिली होती.

२४/
ती बांधली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमधील अँथनी ट्रिन्सी यांनी. १९७३ साली कॉल्डवेल यांच्यासह आणि १९७४ साली स्वतंत्रपणे त्यांनी कोवळ्या कवकजालांच्या वाढीचा टप्प्याटप्प्याने माग काढला. छायाचित्रांवरून दोनच गोष्टी मोजायच्या : सर्व तंतूंची एकूण लांबी आणि टोकांची संख्या. पहिलीला दुसरीने भागले, की एका टोकाच्या वाट्याला किती लांबी येते ते कळते. एकूण लांबी १,२०० मायक्रोमीटर आणि टोके १० असतील, तर उत्तर १२० मायक्रोमीटर. या राशीला तंतुवाढ-एकक म्हणतात.

२५/
आरंभी हा भागाकार वरखाली होतो, कारण एक फाटा फुटला तरी टोकांची संख्या एकदम बदलते. लवकरच तो स्थिरावतो. लांबी आणि टोके दोन्ही दुपटीच्या नियमाने, एकाच गतीने वाढू लागतात. म्हणजे बुरशीतही 'एकाचे दोन' होत होते. फरक इतकाच, की दुणावणारी गोष्ट सुटी पेशी नव्हती. ते होते एक टोक आणि त्याला पोसणारा तंतूचा तुकडा. ३/ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळाले. कवकजालातील 'एक' सापडला.

२६/
ट्रिन्सी यांनी आणखी एका जुन्या सवयीला धक्का दिला. आगरावरील बुरशीच्या वर्तुळाचा व्यास मोजून 'वाढ' लिहून टाकण्याची रीत सर्वत्र होती, कारण ती सोपी होती. त्यांनी दाखवले, की साखर कमी-अधिक केली तरी वर्तुळ पसरण्याचा वेग फारसा बदलत नाही. बदलते ती दाटी. भुकेलेली बुरशी विरळ होऊन तितक्याच वेगाने दूरवर जाते. वर्तुळाचा वेग हा वाढीचा दर आणि कडेच्या वाढत्या पट्ट्याची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. केवळ व्यास पाहणाऱ्याला विरळ आणि दाट यांतील भेद दिसतच नाही.

२७/
हा भेद केवळ पुस्तकी नव्हता. इंग्लंडमधील मार्लो येथील मातीत सापडलेल्या फ्युझेरियम बुरशीपासून 'क्वॉर्न' हे मांसाला पर्यायी प्रथिनान्न तयार होते आणि १९८५ पासून विकले जाते. त्याचा रेशेदारपणा तंतूंच्या लांबीवर अवलंबून असतो. सतत चालणाऱ्या टाकीत कालांतराने आखूड, दाट फाट्यांचे उत्परिवर्तित वाण वरचढ होतात. वजन तेवढेच भरते, पण पोत बिघडतो. हा पालट तंतुवाढ-एककात उमटतो. म्हणून उत्पादन सुमारे १,००० तासांनी, म्हणजे जवळपास सहा आठवड्यांनी थांबवून नव्याने सुरू करावे लागे.

२८/
शंभर वर्षांच्या या हिशेबात कोणतेही मोजमाप खोटे ठरले नाही. वजनाने जस्त दाखवले, पण जिवंत वाढीची वाटचाल दाखवली नाही. लांबीने जनुकाचे काम आणि आतले घड्याळ दाखवले, पण दाटी लपवली. घनमूळाने गोळीच्या सालीचे गणित दाखवले, पण एकट्या तंतूचा नियम झाकला. टोकांच्या मोजणीने तो नियम दिला, पण जाळे दाट झाल्यावर टोके मोजणे अशक्य होते आणि मग पुन्हा वजनकाट्याकडे वळावे लागते. म्हणून आजही बुरशीवरील शोधनिबंधात 'वाढ झाली' असे वाचले, की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा : कशाने मोजली?